कधीच न बसलेली बाई

"दुखतं का?" डॉक्टरांनी विचारलं.

"दुखत नाही."

"मुंग्या येतात?"

"मुंग्या म्हणता येणार नाही."

"बधीर होतात? जळजळतात? गोळे येतात?"

मी तिन्ही वेळा नाही म्हणालो. आमचे फॅमिली डॉक्टर म्हणजे मुलुंडमधले जुने, शांत गृहस्थ. पण त्यांच्याही आवाजात थोडा कंटाळा आला. "मग होतं तरी काय?"

मी ज्युनियर कॉलेजात मराठी शिकवतो. एकाच गोष्टीसाठी आपल्या भाषेत किती शब्द आहेत, हे मुलांना दरवर्षी अभिमानाने सांगतो. आणि स्वतःच्या पायांत काय होतं हे सांगायला मला धड एक शब्द सापडत नव्हता. कळ, ठणका, शिवशिव, हुळहुळ, वळवळ. एकेक शब्द पोटरीला लावून बघितला. कोणताच मापाचा निघाला नाही. शेवटी म्हणालो, "हाडाला खाज सुटावी आणि नखं फक्त कातडीपर्यंत पोचावीत, तसं काहीतरी."

हे त्यांनी लिहून घेतलं नाही.

"कधी होतं?"

"संध्याकाळी दिवे लागले की. पण बसलो तरच. उठून चाललो की थांबतं."

"पूर्ण थांबतं?"

"पूर्ण. पुन्हा बसलो की पुन्हा सुरू."

"म्हणजे चालताना तुम्ही ठणठणीत."

"एकदम."

"मग चालत राहा," ते म्हणाले आणि जीवनसत्त्वाच्या गोळ्या लिहून दिल्या.

त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. जो आजार फक्त खुर्चीत बसल्यावर होतो, तो माणसाचा की खुर्चीचा, असा प्रश्न मलाही पडला होता. हाडांच्या डॉक्टरांनी एक्स-रे काढला आणि माझे गुडघे वयाच्या मानाने सुंदर आहेत असं सांगितलं. शिरांच्या डॉक्टरांनी शिरांचं कौतुक केलं. रिपोर्ट नॉर्मल आला की डॉक्टरांना आनंद होतो आणि पेशंटला चोरी पकडली गेल्यासारखं वाटतं. एकाने तर प्रेमाने विचारलं, "घरी काही टेन्शन?" तोपर्यंत नव्हतं.

दरम्यान माझं आयुष्य उभ्याउभ्या चाललं होतं. नाटकाला जाणं बंद झालं, कारण दुसऱ्या अंकात मी रांगेतल्या सगळ्यांचे गुडघे ओलांडून बाहेर जायचो. स्टाफ मीटिंगमध्ये मागच्या भिंतीला टेकून उभा राहायचो. प्राचार्यांना तो निषेध वाटला आणि त्यांनी कोणत्या मुद्द्यावर ते खाजगीत विचारलं. वर्गात मात्र माझी चांदी झाली. दुपारच्या सत्रातले शेवटचे तास मी बाकांच्या रांगांतून येरझाऱ्या घालत शिकवायचो, आणि सर तळमळीने शिकवतात असा माझा लौकिक झाला. तळमळ होतीच. ती विषयाबद्दल नव्हती, एवढंच.

बायकोचं मत पहिल्यापासून एकच होतं: उष्णता. ती माझी कॉलेजातली वर्गमैत्रीण, त्यामुळे मला अरे-तुरे करते, आणि माझ्या आईला ते लग्नाला इतकी वर्षं झाली तरी खटकतं. बायकोने मला एका प्रदर्शनात नेलं. लोणची, कुर्ते आणि पापड यांच्या मध्ये काशाच्या थाळीचं मशीन होतं. आपण खुर्चीत बसायचं, फिरत्या थाळीवर पाय ठेवायचे, मशीनवाली बाई तळव्यांना तूप लावते आणि थाळी गरागरा फिरते. थोड्या वेळात माझे तळवे आणि थाळी दोन्ही काळेकुट्ट झाले.

"बघा काका, किती उष्णता बाहेर पडली," ती बाई म्हणाली.

"बघ," बायको म्हणाली.

मी अंगठ्याला तूप लावून थाळीच्या कोऱ्या कडेवर घासलं. अंगठाही काळा झाला. माझ्या अंगठ्यात काहीही तक्रार नव्हती. मी हे दाखवल्यावर ती बाई म्हणाली, "काका, अंगठ्यातपण उष्णता असते ना."

यापुढे वाद शक्य नव्हता. मी घरी येऊन या सगळ्या प्रकाराची यथेच्छ चेष्टा केली, आणि त्या रात्री गाढ झोपलो. पाय गप्प होते. सकाळी बायकोने विचारलं, "काय रे, झोप लागली?" मी खरं सांगितलं नाही. जे मानत नाही त्याने बरं वाटलं, तर आधी कोणाचा राग करावा हेच कळत नाही.

शेवटी घाटकोपरच्या एका मेंदूच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. पायांसाठी मेंदूच्या डॉक्टरकडे जाणं मला अपमानास्पद वाटत होतं. बाई तरुण होत्या. मी तोंड उघडायच्या आत त्यांनीच विचारलं, "बसल्यावर होतं, चालल्यावर थांबतं आणि संध्याकाळी वाढतं, असंच ना?" मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. त्यांनी त्या आजाराचं इंग्रजी नाव सांगितलं. अस्वस्थ पायांचा आजार, इतकाच त्याचा अर्थ. म्हणजे मी इतके महिने जे सांगत होतो, तेच इंग्रजीत. तरी नाव मिळाल्यावर बरं वाटलं, याचंही मला आश्चर्यच वाटलं. रक्तातलं साठवणीचं लोह तपासायला सांगून त्यांनी सहज विचारलं, "घरात आणखी कोणाला आहे? आई, वडील?"

"नाही," मी म्हणालो. वडील गेले होते आणि आई ठणठणीत होती. दिवसभर उभी असायची.

आता आमच्या मंडळाबद्दल सांगायला हवं. कोकणातल्या प्रत्येक गावाचं मुंबईत एक मंडळ असतं. गावात माणसं कमी आणि मंडळात पदाधिकारी जास्त, अशी सध्या स्थिती आहे. आमच्या मंडळात अध्यक्ष, कार्याध्यक्ष, उपाध्यक्ष आणि सल्लागार आहेत, आणि या सगळ्यांना सल्ला लागत नाही. वर्षातून एकदा भांडुपच्या हॉलमध्ये स्नेहसंमेलन होतं आणि त्यात आदर्श माता पुरस्कार दिले जातात. शाल, श्रीफळ, मानपत्र. मी मराठीचा मास्तर, म्हणून सगळी मानपत्रं माझ्याकडे येतात. सरचिटणीस कच्चा मजकूर पाठवतात आणि मी त्यावर 'जरा हात फिरवतो'. मजकूर दरवर्षी तोच असतो. सगळ्या माता चंदनासारख्या झिजलेल्या असतात, सगळ्यांनी प्रतिकूल परिस्थितीशी झुंज दिलेली असते. मी नावं बदलतो आणि चंदन अधूनमधून काढून समई घालतो.

त्या वर्षी आलेल्या मजकुरात एक मानपत्र माझ्या आईचं होतं.

सरचिटणिसांचा फोनही आला. "सर, काकींचा नंबर खरा तर धा वर्सांपूर्वीच लागूचो होतो. तेव्हा त्यांनी नको सांगितल्यानी. साधी बाई! या वर्षी मात्र सोडणार नाय. आणि एक ओळ मी स्वतः लिहिलंय, ती बदलू नका हां. अख्ख्या मानपत्रात ती एकच ओळ खरी आहे."

"बाकीच्या?"

"बाकीच्या दरवर्षीच्या."

ती ओळ अशी होती: 'मुलांच्या आणि संसाराच्या काळजीपोटी ही माउली आयुष्यात कधी बसलीच नाही.'

ती खरी होतीच. वडिलांची गिरणी बंद पडल्यावर आईने पोळ्या-भाकऱ्यांच्या ऑर्डर घेतल्या, त्या ओट्यापाशी उभं राहून. ती जेवायची उभ्याने, ताटली हातात घेऊन, एकीकडे आम्हाला वाढत. लग्नकार्यात पंगतीला कधी बसली नाही; वाढप्यांत शिरायची. गावाला जाताना एस्टीत स्वतःची सीट कोणाच्यातरी लेकराला द्यायची आणि कंडक्टरच्या शेजारी दांडा धरून उभी राहायची. ती गोष्ट गावात अजून सांगतात. संध्याकाळी मालिका लागली की सगळे समोर बसायचे आणि ही दाराच्या चौकटीला टेकून, एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकत बघायची. झोपताना जुन्या लुगड्याच्या पट्ट्या पोटऱ्यांना आवळून बांधायची. कामाने पाय भरून येत असतील, असं आम्ही धरून चाललो होतो.

लाल पेन माझ्या हातातच होतं. मी खुर्चीत बसून हे वाचत होतो, संध्याकाळ झाली होती, आणि टेबलाखाली माझे पाय एकमेकांवर घासत होते.

मी उठलो आणि स्वयंपाकघरात गेलो. आई ओट्यापाशी उभी राहून वालाच्या शेंगा सोलत होती.

"आई, मंडळाने तुझं नाव काढलंय. पुरस्काराला."

"कळला माका. नको म्हणान सांग."

"का पण?"

"माका कित्याक तो पुरस्कार? मी काय मोठा केलंय?"

हे उत्तर ऐकून सगळं मंडळ गहिवरलं असतं. मी म्हणालो, "खरं सांग."

तिने एक शेंग सोलली, दुसरी सोलली. मग हळू आवाजात म्हणाली, "थंय बसाचा लागतला मरे."

"म्हणजे?"

"स्टेजार. त्या खुर्चीत. पाहुणो येयपर्यंत बसा, भाषणा संपापर्यंत बसा. सगळ्या लोकांसमोर. माझ्यान होवचा नाय."

"बसलं की काय होतं तुला?"

तिने माझ्याकडे संशयाने बघितलं. "काय नाय होत."

"पायांच्या आत काहीतरी सळसळतं? दुखत नाही, पण हलवल्याशिवाय राहवत नाही?"

तिच्या हातातली शेंग तशीच राहिली. "तुका कसा ठावक?"

"माझेही तसेच आहेत."

माझ्या आईला मी घाबरलेलं फारसं पाहिलेलं नाही. त्या क्षणी ती घाबरली, आणि लगेच तिचा चेहरा असा काही मोकळा झाला की मला काहीच समजेना. "तुझे पण?" ती म्हणाली. "माका वाटला, सगळ्यांचेच पाय तसे आसतत. लोक सोसून गप बसतत. माकाच सोसणा नाय."

सगळा गाव ज्या बाईला सोशिक म्हणत आला, ती आयुष्यभर स्वतःला सर्वांत कमी सोसणारी बाई समजत होती. तिच्या मते एस्टीतले सगळे प्रवासी पायातली वळवळ सहन करत रात्रभर निमूट बसले होते आणि तिला एकटीलाच ते जमलं नव्हतं. म्हणून ती उठली होती. आणि आम्ही त्याला त्याग म्हटलं होतं.

मी तिला सांगितलं की हा आजार आहे, घाटकोपरला डॉक्टरीणबाई आहेत, औषध आहे. ती आनंदेल असं मला वाटलं होतं. तिने शेंगांची सुपली जवळ ओढली आणि पुन्हा कामाला लागली.

"मंडळात सांगा नको हां."

"काय?"

"ह्या आजाराचा. लोक काय म्हणतले? पाय वळवळत होते म्हणान बाई काम करी होती?"

"आई, असं कोण म्हणेल?"

"तू म्हणशीत. आत्ता तुझ्या तोंडार ताच आसा."

ती चुकत होती असं छातीठोकपणे सांगता येत नाही.

रात्री मी बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "बघ हं. तुला झालं तेव्हा आपण चार डॉक्टर केले, एक्स-रे काढले, प्रदर्शनात गेलो. आईंना झालं तेव्हा त्यांना पुरस्कार देतायत."

"पुरस्कार ती घेत नाहीये."

"त्यांना हवाय."

"तुला कसं कळलं?"

"तुमच्या मागच्या स्नेहसंमेलनाचे फोटो आले होते ना मोबाइलवर, आई ते रोज बघतात. शाल घेतलेल्या बायका मोठ्या करून बघतात. अरे, तू मराठी शिकवतोस ना? नको म्हणजे हवंय, हे कळत नाही तुला?"

म्हणजे एकूण प्रकार असा होता. आईला तो मान हवा होता. तो मिळण्यासाठी लोकांसमोर खुर्चीत बसणं भाग होतं. बसण्यासाठी औषध घ्यायला हवं होतं. आणि औषध घेतलं म्हणजे तो आजार होता हे कबूल करायचं, आणि एकदा तो आजार ठरला की मान कशाचा? मी याची उलटसुलट मांडणी करून पाहिली. प्रत्येक वेळी कुठेतरी माझीच गफलत होत होती. मुलांना एवढी अवघड वाक्यं मी परीक्षेत घालत नाही.

आई शेवटी डॉक्टरांकडे आली ती माझ्यासाठी. "तुझ्या सोबतीक येतंय," म्हणाली, आणि वेटिंग रूममध्ये आम्ही दोघेही भिंतीला टेकून उभे राहिलो. रिसेप्शनवरच्या मुलीने तीनदा "बसा ना" म्हटलं. बाकीचे पेशंट आमच्याकडे बघत होते. मग डॉक्टरीणबाईंनी आईला प्रश्न विचारले. आईने पहिल्यांदा "काय नाय, म्हातारपण" असं सांगितलं आणि नंतर अशी काही बोलायला लागली की बाहेरच्या पेशंटांचा नंबर लांबला. लग्नाच्या आधीपासूनचं सगळं. पोटात मी असताना किती वाढलं होतं, तेही. मी तिच्या आयुष्यात इतक्या आधीपासून या भानगडीत होतो हे मला नवीन होतं.

रक्ताचा रिपोर्ट आला. तिचं लोह माझ्यापेक्षाही खालावलेलं होतं. डॉक्टरीणबाईंनी मला नुसतं लोह दिलं आणि थांबून बघू म्हणाल्या. आईला लोहाबरोबर संध्याकाळी घ्यायची एक बारीकशी गोळी दिली, वय बघून अगदी कमी ताकदीची. चक्कर आली तर लगेच कळवा, असं बजावलं. सर्दीची जी झोप आणणारी गोळी आई वर्षानुवर्षं वरचेवर घ्यायची, ती बंद करायला सांगितली, कारण तिच्यामुळे पाय उलट जास्त चाळवतात. आईने ती गोळी झोप लागावी म्हणूनच धरली होती.

"ही खाल्ल्यार बसाक मिळतला?" आईने नवीन गोळी तळहातावर घेऊन विचारलं.

"बहुतेक," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

आईने घरी आल्यावर सरचिटणिसांना स्वतः फोन केला. "मी येतंय," एवढंच म्हणाली.

मानपत्रात ती ओळ ठेवायची की नाही, हे मला शेवटपर्यंत ठरवता आलं नाही. काढावी तर सरचिटणीस कारण विचारणार. ठेवावी तर ती खरी असूनही खोटी होती. किंवा कदाचित खोटी नसेलही. पोळ्या पायांनी लाटल्या नव्हत्या. हातांनी लाटल्या होत्या. पाय वळवळणारी बाई उठून गॅलरीत फेऱ्याही मारू शकते. आई ओट्याकडे गेली. मी 'काळजीपोटी' हा शब्द खोडला, पुन्हा लिहिला, पुन्हा खोडला. शेवटी मुदत संपली म्हणून ओळ जशीच्या तशी गेली. साहित्यातले बरेच निर्णय असेच होत असावेत.

भांडुपचा हॉल भरला होता. आधी गाऱ्हाणं झालं. एका वयस्कर गृहस्थांनी ग्रामदेवतेला मंडळाच्या सगळ्या अडचणी सांगितल्या आणि लोकांनी दर वाक्यानंतर "व्हय म्हाराजा" म्हणून दुजोरा दिला. अडचणींत पाहुणे उशिरा येण्याचा उल्लेख नव्हता, पण ते आले उशिराच. मग प्रत्येक पदाधिकाऱ्याने दुसऱ्या पदाधिकाऱ्याला गुलाबाचं फूल दिलं. पुरस्काराच्या बायका स्टेजवर लाल मखमली खुर्च्यांत बसल्या होत्या. आई कडेच्या खुर्चीत होती, हिरवं नऊवारी नेसून.

मी मागे, उपम्याच्या खोक्यांपाशी उभा होतो. लोहाने मला अजून काही फरक पडला नव्हता.

"सर, बसा की," कोणीतरी म्हणालं.

"असू दे."

"आईवर गेलाय अगदी," शेजारची बाई नवऱ्याला कौतुकाने म्हणाली. वाक्य बरोबर होतं.

आई हलली नाही. पाहुणे तिकडे कोकणच्या विकासावर बोलत राहिले, आणि आई मांडीवर हात ठेवून बसून राहिली. शेजारच्या बायका चुळबुळत होत्या, पदर सारखा करत होत्या, एक तर उघड जांभया देत होती. आई मात्र देवळातल्या मूर्तीसारखी. मी तिचे पाय बघायचा प्रयत्न करत होतो. लुगड्याच्या काठाखाली चपला दिसत होत्या, अगदी सरळ, एकमेकींना लागून. मला फार आनंद झाला. आणि त्याच वेळी, का कोण जाणे, ही आपली आई नव्हे असंही वाटत राहिलं.

सरचिटणिसांनी मानपत्र वाचायला घेतलं. आवाज चढवत चढवत ते त्या ओळीशी आले. "ही माउली आयुष्यात कधी बसलीच नाही!"

टाळ्या पडल्या. सगळे आईकडे बघत होते. आई बसली होती.

ते कोणाच्याच लक्षात आलं नाही. फक्त तिच्या आलं असावं, कारण तिने खाली स्वतःच्या मांडीकडे बघितलं, मग गर्दीत मला शोधलं. तिला हसू येत होतं की रडू, हे एवढ्या लांबून मला दिसेना.

कार्यक्रम संपल्यावर गावची एक बाई तिच्यापाशी आली. "काकी, बरा नाय काय? केव्हापासून बघतंय, एका जाग्यार गप बसून आसास."

"बरा आसा गो," आई म्हणाली. "खुर्ची मऊ होती."

त्यानंतरच्या आठवड्यांत आमच्या घरात जे सुरू झालं त्याला सुख म्हणायला हरकत नाही, पण ते अंगवळणी पडेना. आई संध्याकाळी बसू लागली. पहिल्या दिवशी ती आमच्याबरोबर टेबलावर जेवायला बसली तेव्हा आम्ही तिघेही बराच वेळ नुसतेच बसून राहिलो. मग बायकोच्या लक्षात आलं की वाढणारं कोणी नाही. मालिका आई सोफ्यावर बसून बघू लागली, आणि तिला ती पहिल्यांदाच पूर्ण कळल्यामुळे आवडेनाशी झाली. समोरच्या शेजारणीने मला जिन्यात थांबवून विचारलं, "आजींचं सगळं ठीक आहे ना? हल्ली खिडकीत बसलेल्याच दिसतात." मी ठीक आहे म्हणालो. त्यांनी खांद्यावर हात ठेवून "वय झालं की असंच" असा धीर दिला. आई आयुष्यात पहिल्यांदा बरी झाली होती आणि सोसायटीला ती खंगलेली वाटत होती.

एका रविवारी संध्याकाळी बायको सिंकपाशी बांगडे साफ करत होती. आई सोफ्यावर होती, गोळी घेऊन झाली होती. मी खोलीभर फिरत पेपर तपासत होतो.

"रे, एक विचारू?" आई म्हणाली.

"विचार."

"इतक्या वर्सांत मी जा काय केलंय, ता मी केलंय, का ह्या पायांनी करून घेतल्यानी?"

मी थांबलो. थांबलो की पायांत सुरू झालं. "दोघांनी मिळून केलंत," मी म्हणालो.

"मास्तरासारखो बोला नको. नीट सांग."

मी म्हणालो, "भाकऱ्या तर तुझ्याच हातच्या होत्या ना?"

"ता माका म्हायत आसा," ती चिडून म्हणाली. "उठलंय कित्याक, ता सांग."

मी पुन्हा फिरायला लागलो. मग सोफ्याच्या हातावर जोर देऊन ती उठली आणि स्वयंपाकघरात गेली.

"आई, अहो, बसा ना," बायको म्हणाली. "मी करते. दोनच राहिलेत."

"सर गो, माका करूक होया."

"पाय चाळवतायत का? गोळी घेतली ना?"

बायकोच्या हातातली सुरी घेऊन आई सिंकपाशी उभी राहिली. मी दारात जाऊन बघत राहिलो. पाय अस्वस्थ झाले म्हणून ती उठली होती, की उठावंसं वाटलं म्हणून, हे बाहेरून ओळखता येत नाही. मला तर माझंही ओळखता येत नाही. तिने बांगडा हातात धरला होता, नळ वाहत होता, पण ती अजून कापत नव्हती. मान खाली घालून ती स्वतःच्या पावलांकडे बघत होती, आणि पावलं स्थिर होती.